आकडा कोरायला सोपा

दगडावर देवनागरी कोरताना आधी शिरोरेषा खणायची. ती सरळ गेली की खालची अक्षरं नीट टांगून राहतात. ती तिरकी गेली तर माणसाचं नाव कायमचं उतरणीला लागतं. आमच्या धंद्यात पैशांचा हिशेब अक्षरावर. काना, मात्रा, वेलांटी यांचे वेगळे पैसे नाहीत, जोडाक्षर दीड धरायचं, आकडा अर्धा. पापडीच्या बाजारातल्या दुकानात हा दर वडिलांनी ठरवला, मी तोच चालवला. काम सगळं आसपासचंच. कृपामाता चर्चच्या दफनभूमीतले क्रूस, देवळांतल्या देणगीदारांच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, बंगल्यांची नावं. वसईत ‘मातृछाया’ नावाची घरं किती, हे माझ्याइतकं पोस्टमनलाही ठाऊक नसेल.

या धंद्याने मला एक खोड लावली आहे. कुठल्याही स्मारकापुढे उभा राहिलो की लोक पुतळा बघतात, मी खालचा मजकूर मोजतो. नावं किती, कुणाची, कुणाचं मोठ्या अक्षरात. विशेषतः लढाईचं स्मारक असेल तर हे मोजणं फार बोलकं ठरतं. दगड घडवायला पैसा कोणी दिला, हे नावांवरून कळतंच. कोणाच्या नावाला पैसा खर्च करावासा वाटला नाही, तेही कळतं.

आमच्या दारातली लढाई म्हणजे १७३९ ची, मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातली. पापडीहून पारनाका, झेंडा बाजार करत किल्ल्यात गेलं की मराठ्यांचे सेनापती चिमाजी आप्पा यांचं स्मारक आहे. सहलीची मुलं तिथे फोटो काढतात, गाइड तीच गोष्ट सांगतो. किल्ला पडेना तेव्हा आप्पा म्हणाले, मला तोफेच्या तोंडी बांधून निदान माझं मस्तक तरी आत पडू द्या. गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली, वसईकराच्या तोंडी ती बसली आहे. इतिहास एवढा आहे की फेब्रुवारीत सुरू झालेला वेढा मे महिन्यापर्यंत चालला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावले. काही वेळेवर उडाले, काही आपल्याच माणसांवर उडाले. खिंडार पडल्यावर त्यातून लाटेमागून लाट आत घुसत होती आणि वरून येणाऱ्या माऱ्यात पडत होती. १६ मे ला तहाची कलमं ठरली, २३ मे ला पोर्तुगीज शिबंदी हत्यारांनिशी, नगारे वाजवत बाहेर पडली आणि २०५ वर्षांची सत्ता संपली. इतिहासकार ग्रँट डफने नोंदवलं आहे की मराठ्यांनी स्वतः कबूल केलेला मेलेल्या-जखमींचा आकडा पाच हजारांवर होता, पोर्तुगिजांचा आठशे.

पाच हजार. मी पापडीत राहतो म्हणून हा आकडा मला मोठा वाटतो. जुन्या पापडीतली सगळी घरं रिकामी केली तरी इतकी माणसं निघाली नसती. त्यांच्यापैकी एकाचंही नाव किल्ल्यात कोरलेलं मी पाहिलेलं नाही. सरदारांची नावं पुस्तकांत आहेत. शंकराजी केशव, अंजूरचे गंगाजी नाईक, खंडोजी माणकर. सुरुंगाची नळी घेऊन तटाशी सरपटत गेलेला बेलदार कोण, ते कुठेच नाही.

गंमत अशी की त्याच किल्ल्यात नावं भरपूर आहेत, पण ती हरलेल्यांची. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये आता वर छप्पर नाही, पण जमिनीत कबरींच्या शिळा अजून आहेत. काहींवर घराण्याची चिन्हं, ढाली, शिरस्त्राणं. मजकूर ठरावीक थाटाचा, ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. वारसांची सोयसुद्धा आगाऊ करून ठेवलेली! पोर्तुगीज मला वाचता येत नाही, पण कोरणारा चांगला होता हे सांगायला भाषा लागत नाही. जागा संपत आली की तो शब्द आखडतो, दोन अक्षरं एकमेकांत अडकवतो, एका अक्षराच्या पोटात दुसरं बसवतो. गिऱ्हाइकाने मजकूर जास्त दिला आणि दगड लहान दिला, की चारशे वर्षांपूर्वीचा कारागीर जे करत होता तेच मी करतो. बाहेरगावचे लोक मला विचारतात, तुम्ही ख्रिस्ती, मग १७३९ ला तुम्ही कोणत्या बाजूचे? मी म्हणतो, आमची माणसं या किनाऱ्यावर भात लावत होती, मासे सुकवत होती, आणि जो किल्ल्यात असेल त्याला सारा भरत होती. कबरीत निजलेले फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, आमचे आजोबा नव्हते. खंदकात पडलेल्यांत आमच्याच गावचे नसतील असंही नाही.

जिंकलेल्यांनी आपलं स्मारक दगडात केलं नाही, काशात केलं. चर्चच्या घंटा उतरवून त्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आणि १७०७ हे साल आहे. घंटेची अक्षरं ओतीव असतात, उठावाची, मी कोरतो त्याच्या बरोबर उलटी. छिन्नीने ती काढायची तर सगळी घंटाच तासावी लागेल, म्हणून ती राहिली. अशा घंटेपुढे उभा राहिलो की मला दोन्हीकडचं वाईट वाटतं, आणि ते कोणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आप्पांचा नवस फेडायचा म्हणून वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं गेलं, अंजूरकर नाईकांना इनामं मिळाली, शंकराजी केशव वसईचा सरसुभेदार झाला. विजयाची आठवण देवाकडे गेली आणि सरदारांच्या वतनात गेली.

साध्या शिपायाचं काहीच राहिलं नाही, असं मात्र म्हणता येत नाही. त्याचं नाव कागदावर होतं. पेशवाईत लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांना जे नेमून दिलं जाई त्याला बालपरवेशी म्हणत. ती द्यायची तर नाव लिहावंच लागतं. अमुक, वल्द तमुक, मौजे अमुक, फलाण्या ठिकाणी ठार, मुलगा लहान, सबब इतकी नेमणूक. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत. इतिहासकार सरदेसायांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, त्यात वसईच्या मोहिमेला एक अख्खा खंड दिला. कारकुनाला स्मारक उभारायचं नव्हतं, त्याला पैसे नीट पोचवायचे होते. माझ्या मते आठवणीची याहून प्रामाणिक तऱ्हा दुसरी नाही, कारण तिच्यात पोराच्या ताटाची सोय होती. पण तो कागद दप्तरात बांधलेला. गावात राहिलेल्या माणसाला तो वाचायला मिळत नाही.

गावात उभं राहील असं काहीतरी करण्याची रीत त्याआधी होती, आणि तिचा उत्तम नमुना आमच्या खाडीपलीकडे, बोरिवलीच्या एकसरला आहे. तिथले वीरगळ काळ्या कातळाचे, माणसापेक्षा उंच, वर कलश. खालच्या पट्ट्यात वल्ह्यांची जहाजं एकमेकांवर चालून येतात, माणसं पाण्यात पडतात. मधल्या पट्ट्यांत लढाई सरत जाते. वरच्या पट्ट्यात तोच वीर अप्सरांबरोबर कैलासात पोचून शिवलिंगापुढे बसलेला. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची १२६५ च्या सुमाराची आरमारी लढाई यात कोरली आहे, असं पुष्कळ जाणकार मानतात. काही ती अडीचशे वर्षं मागे नेतात. वाद मिटत नाही, कारण दगडावर मजकूर नाही. कारागीर म्हणून मी त्या पाथरवटापुढे हात जोडतो. जहाजाची वल्ही मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ आहेत. पण ज्याच्यासाठी एवढी मेहनत केली तो कोण, हे त्याला लिहावंसं वाटलं नाही. गावाला माहीतच होतं ना. गावाला माहीत असतं ते तीन पिढ्या. मग वीराचा देव होतो, शेंदूर बसतो आणि लोक नवस बोलायला लागतात.

लढाईतल्या साध्या शिपायाचं नाव आपल्याकडे दगडावर आलं ते इंग्रजांच्या हाताने, आणि तेही आपल्याच माणसांविरुद्धच्या लढाईत. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने पेशव्यांच्या फौजेपुढे दिवसभर तग धरला. कंपनी सरकारने १८२१ साली तिथे स्तंभाचा पाया घातला, मजकूर इंग्रजीत आणि मराठीत कोरला आणि पडलेल्यांची नावं दिली. ४९ नावं, त्यांपैकी २२ महार. नावांच्या शेवटी ‘नाक’ लागतं त्यावरून ती ओळखू येतात. बाकी मराठे, रजपूत, मुसलमान, बेने इस्रायली. सरकारचा हेतू उदात्त होता असं समजायचं कारण नाही. नव्या मुलखात आपली पलटण किती टिकाऊ आहे हे दाखवायचं होतं. पण एकदा कोरलेलं अक्षर कोरवून घेणाऱ्याच्या मालकीचं राहत नाही, हे या स्तंभाएवढं दुसऱ्या कोणत्याच दगडाने दाखवलेलं नाही.

पुढे त्याच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबुवा वलंगकर, स्वतः पलटणीतले पेन्शनर, यांनी १८९४ मध्ये सरकारला विनंतीपत्र लिहिलं, की आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं आहे, दार का लावता. अशा मागणीला पुराव्याचा दगड कोरेगावात उभा होता. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि तेव्हापासून तो दगड सरकारचा उरलाच नाही. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. दरवर्षी तिथे लाखो लोक येतात. त्यांतले पुष्कळजण रांगेत उभे राहून नावं वाचतात, बोट फिरवतात. मी तिथे गेलो तेव्हा अक्षरांच्या कडांकडे बघत होतो. माझ्या शेजारचा माणूस मोठ्याने नावं वाचत होता आणि प्रत्येक नावानंतर थांबत होता, कोणी हजेरी देईल म्हणून. तिथे नुसतं ‘२२ महार शिपाई’ असं कोरलं असतं तर तो काय वाचणार होता?

असं कोरून गप्प बसण्याचा प्रकार शंभर वर्षांनी घडला. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. सातारा, रत्नागिरी या भरतीच्या जिल्ह्यांत त्या अजून दिसतात. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेत, कुठे देवळाच्या आवारात पडलेल्या. मजकूर सगळीकडे एकच. या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. मी पहिल्यांदा अशी पाटी पाहिली आणि धंद्याच्या नजरेने मला तिचा हिशेब लगेच कळला. एकच साचा, तेवढी गावाची दोन रकान्यांतली संख्या बदलायची. नावं कोरायची म्हटली तर प्रत्येक गावाचा मजकूर वेगळा, यादी मागवा, स्पेलिंग तपासा, दगड लहानमोठे घ्या. आकडा कोरायला सोपा आणि स्वस्त. ठेकेदाराच्या जागी मी असतो तर मलाही असंच काम आवडलं असतं. शिपायाच्या घरच्यांना काय आवडलं असतं हे कोणी विचारलं नाही.

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे यातलं सर्वांत नावाजलेलं गाव. त्याचं नावच अपशिंगे मिलिटरी. पत्त्यावर लोक तसंच लिहितात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान पडले आणि त्यांच्यासाठी सरकारने तिथे स्मारक उभारलं. घराघरात फौजी. रिटायर होऊन आलेला सुभेदार सकाळी गावच्या पोरांना पळवतो, आणि पोरं पळतात ती स्मारकापुढूनच. ४६ हा आकडा तिथल्या शाळकरी मुलाला पाठ आहे, हे खरं. पण गावाने तो जपला आहे तो घराघरातल्या सांगण्यामुळे. अमक्या आळीचा पणजोबा बसऱ्याला गेला, तो आलाच नाही.

बसऱ्याचं नाव साताऱ्याच्या आणि कोकणाच्या घरांतून असं सहज निघतं, कारण मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात होत्या. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर त्या तैग्रिसच्या काठाने वर गेल्या आणि कुत-अल-अमारात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला, घोड्यांचं मांस खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला तुकडी शरण गेली आणि कैदेच्या वाटचालीत पुष्कळ मेले. या आघाडीवर मेलेल्या, पण ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,००० हून जास्त सैनिकांचं स्मारक बसऱ्याला १९२९ मध्ये उघडलं. भिंतीवर पलटणीवार पाट्या. इंग्रज शिपाई असेल तर नाव. हिंदी सुभेदार, जमादार असेल तर नाव. त्याखाली हिंदी हवालदार, नाईक, शिपाई आले की नावं थांबतात आणि मजकूर येतो, आणखी इतके हिंदी सैनिक. पुन्हा आकडा.

नावं ठाऊक नव्हती असं नाही. लष्कर पगारपत्रकाशिवाय चालत नाही, आणि मेलेल्याची पेन्शन बायकोला द्यायची तर नाव लागतंच. तोच बालपरवेशीचा न्याय. फ्रान्समध्ये नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांची नावं रीतसर कोरली होती. तिथे युरोपातले लोक येऊन बघणार होते. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० च्या वर नावं आली. मग बसऱ्यालाच दगड महाग झाला? साहेबांनी ठरवून टाकलं होतं की यांच्या लोकांना असल्या गोष्टींचं काही नसतं. २०२१ मध्ये कॉमनवेल्थच्या युद्धकबरी आयोगाने स्वतः चौकशी करून हे मान्य केलं आणि माफी मागितली. प्रामुख्याने आशिया-आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० मृतांना इतरांसारखा मान मिळाला नाही, आणि निदान १,१६,००० जणांची तर नावानिशी नोंदच झाली नाही, असा तो अहवाल आहे. शंभर वर्षांनी माफी म्हणजे उशीर झालाच. तरी मला त्यात एक गोष्ट पटली, की चूक मोजताना त्यांनी माणसं मोजली, खांब मोजले नाहीत.

आमच्या पालघर जिल्ह्यात लढून मेलेल्यांची नावं लोक अजून मोठ्याने घेतात ती सैनिकांची नाहीत. पालघरच्या पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबाराचा आहे. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तेवारी, सुकूर मोरे. पाच नावं आणि दरवर्षी त्या दिवशी बाजार बंद. नावं पाच असली तर बाजारपेठसुद्धा ती लक्षात ठेवते. पाच हजार असली तर कोणी ठेवत नाही, हे मला कळतं. पण दिल्लीला २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तिथे स्वातंत्र्यानंतरच्या २५,००० वर सैनिकांची नावं आहेत, प्रत्येकाची ग्रॅनाइटची वेगळी पाटी. सुभेदार असो, शिपाई असो, पाटी तेवढीच. एवढं काम हाताने झालं नसतं. माझा मुलगा आता मशीनवर जे करतो ते बघून मला वाटतं, नावं जास्त आहेत ही सबब यापुढे कोणालाही देता येणार नाही.

तरीही लहान गावांत सबबी निघतात. एकदा एका तालुक्याच्या गावची समिती माझ्याकडे शहीद स्मारकाचा मजकूर घेऊन आली. वर जवानांची दोन नावं, खाली ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, मग सदस्यांची यादी, मग सौजन्य. मंत्रीमहोदयांचं अक्षर दोन इंची, जवानांचं दीड इंची. मी म्हटलं, दादा, ही कोनशिला आहे की लग्नपत्रिका? अध्यक्ष हसले नाहीत. शेवटी मधला मार्ग काढला. पाहुण्यांसाठी मागच्या बाजूला कडप्प्याची वेगळी पाटी, पुढच्या काळ्या ग्रॅनाइटवर फक्त जवान. नाव, हुद्दा, पलटण, गाव, कुठे आणि केव्हा पडला. पाहुण्यांच्या पाटीचे पैसे मी पूर्ण लावले.

मग नावांवरून अडलं. समितीच्या कागदावर पलटणीच्या इंग्रजी पत्रावरून उतरवलेलं नाव होतं, त्यात आडनावाचा ‘ळ’ गळून ‘ल’ झालेला. लोक म्हणाले, सरकारी कागदात तसंच आहे, तसंच कोरा. मी म्हटलं, घरच्या कोणाला तरी आणा. दुसऱ्या दिवशी जवानाचे वडील आले, शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन. आडनाव त्यांनी बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, आईचं नाव मध्ये घालता येईल का. समितीला विचारायला नको म्हणून मी तिथल्या तिथे खडूने आखून घेतलं. सोनेरी रंग मात्र समितीला हवाच होता. त्यांना सांगून ठेवलं आहे की आमच्या खाऱ्या हवेत सोनेरी दोन पावसाळे टिकतो, तिसऱ्याला उडतो. म्हणून अक्षरं तीन सूत खोल घेतली आहेत. रंग गेला तरी सकाळच्या तिरप्या उन्हात ती वाचता येतील.